मावशी पुसल्या गेल्या

बावीस फोटो काढले होते आणि त्यांतल्या एकवीस फोटोंत सासऱ्यांचे डोळे मिटलेले होते.

धाकटे जावई दुकानाच्या काउंटरवर फोन ठेवून एकेक फोटो पुन्हा बघत होते. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे हा त्यांचा धंदा, त्यामुळे सासरच्या मंडळींनी हेही काम त्यांच्याच गळ्यात घातलं होतं. रविवारी सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळं घर एकत्र आलं, स्टँडवर त्यांचाच फोन लावून फोटो निघाले. आज संध्याकाळी सहाला त्यातला एक मोठा करून, फ्रेम लावून, त्यांच्या हातात द्यायचा होता.

"तुम्ही बाबांचे डोळे तेवढे उघडा," बायको फोनवर म्हणाली.

"अगं, मी डोळे तपासतो. उघडत नाही."

"ते ॲप असतं ना, दोन फोटो एकत्र करायचं? नऊ नंबरचा घ्या. आई आणि मावशी काय सुरेख आल्यात त्यात. मावशी उद्या सकाळच्या गाडीने चालली, म्हणजे आजच काय ते."

मावशीचं नाव निघालं तसे जावई खुर्चीत जरा सावरून बसले. सासूबाई आणि त्यांची ही धाकटी बहीण सहा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण एक शिलाई मशीन. कुणी कुणाला दिलं, कुणी ते मोडलं आणि कुणी तसंच परत केलं, याबद्दल घरात दोन पक्ष होते. रविवारी सहा वर्षांनी पहिल्यांदा मावशी या घराची पायरी चढल्या होत्या. नऊ नंबरच्या फोटोत त्या सासऱ्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या आणि त्यांचा डावा हात शेजारी बसलेल्या बहिणीच्या खांद्यावर होता. त्या हाताकडे बघून घरातल्या तिघांना तरी रडू आलं होतं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. जावयांनी ॲप उतरवून घेतलं. सतरा नंबरच्या फोटोत सासऱ्यांचे डोळे टक्क उघडे होते. बाकी सगळा गोंधळ होता. सासूबाईंची मान वळलेली, मावशी पडलेला रुमाल उचलायला वाकलेल्या, त्यामुळे त्यांच्या जागी नुसती भिंत. जावयांनी नऊवर सतरा ठेवला. वरचा फोटो झाकून टाकला आणि बोट फिरवलं, की बोटाखाली तो तेवढ्यापुरता उघडा पडायचा. त्यांनी सासऱ्यांचे डोळे पडदाभर मोठे केले आणि जीभ दातांत धरून बोट फिरवायला सुरुवात केली. उजवा डोळा उघडला. डावा उघडला. भुवया जुळल्या. हातावरची नस न दुखवता काटा काढावा असं ते काम झालं होतं. मग कपाळाच्या वर जरा डाग दिसला म्हणून त्यांनी ब्रश मोठा केला आणि दोन-चार हात मोकळेपणाने मारले.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. जावयांनी घाईने फोटो सेव्ह केला. फोनमध्ये जागा नाही म्हणून ॲपने कुरकुर केली, तेव्हा त्यांनी रविवारचे बावीसच्या बावीस फोटो उडवले, कचरापेटीही रिकामी केली आणि तयार फोटो स्टुडिओत आणि बायकोला पाठवून दिला. बायकोने वडिलांचे डोळे पाहिले, तिचेही भरून आले, आणि तिने फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

पंधरा मिनिटांत ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. जो तो आपापला चेहरा बघून खूश होता. मग मोठ्या मेहुण्याचा मेसेज आला : "आईच्या खांद्यावर हा कुणाचा हात आहे?"

जावयांनी फोटो उघडला. सासरे टक्क डोळ्यांनी बघत होते. त्यांच्या मागे स्वच्छ, पिवळी भिंत होती. आणि सासूबाईंच्या खांद्यावर मनगटापर्यंतचा एक हात, घड्याळासकट, आपला आपण विसावला होता.

फोन वाजला. "अहो, मावशी कुठंय?" बायकोचा आवाज चिरका झाला होता.

"माझ्या बोटाखाली गेली असावी."

"मी ग्रुपवरून काढते. थांबा." फोनवर टकटक ऐकू आली. "अहो… मी फक्त माझ्यासाठी डिलीट केलं. आता मला दिसत नाहीये आणि सगळ्यांना दिसतंय!"

मावशीही त्या ग्रुपवर होत्या. त्यांनी पाहिलं, तर फोटोतून आपल्याला मुद्दाम पुसलं असंच त्या धरून चालणार. शिलाई मशीनवर सहा वर्षं गेली होती, यावर तर जन्म जाईल. आणि पुन्हा फोन वाजला. मावशीच होत्या.

"जावईबापू, माझा चष्मा झाला का? ग्रुपवर फोटो आलाय म्हणतात, मला मेलं नुसतं धुकं दिसतंय."

मावशींचा नवा चष्मा सकाळी अकरालाच तयार झाला होता. पुसून, डबीत घालून, तो जावयांच्या समोर ठेवलेला होता.

"काचा… काचा अजून यायच्यात, मावशी."

"बरं. मग ताई दुपारची झोपून उठली की तिलाच बघायला सांगते. कसा आलाय ते सांगेल ती."

"नको नको! अहो, मजा जाईल! संध्याकाळी मोठा बघा ना, एकदमच." जावई डबीवर हात ठेवून बोलत होते. डबीतून कुणी ऐकेल अशी भीती वाटावी, तसे.

स्टुडिओत फोन लागेना. जावयांनी शटर ओढलं आणि चालत सुटले, मग पळत सुटले. स्टुडिओवाल्या बाई फ्रेमच्या काचेवरून फडकं फिरवत होत्या.

"वेळेच्या आधी दिलं की नाही?" त्या म्हणाल्या. "एक विचारू? हा हात कुणाचा?"

"मावशींचा," जावई धापा टाकत म्हणाले.

"आणि मावशी?"

"मावशी गेल्या."

"अरेरे! कधी?"

"आज दुपारी. एक वाजून वीस मिनिटांनी."

बाईंनी फडकं खाली ठेवलं आणि मान झुकवली. जावयांना खुर्ची दिली, पाणी दिलं. फोटोला काळी कड हवी का, असं त्यांनी हळूच विचारलं, तेव्हा कुठे जावयांच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळा खुलासा झाल्यावर बाई इतक्या हसल्या, की त्यांनाच पाणी द्यावं लागलं.

"दुसरा फोटो द्या त्यांचा. बसवू."

जावयांच्या फोनमध्ये मावशींचा एकच फोटो उरला होता. काल त्या दुकानात आल्या, चारपाच फ्रेमा लावून बघितल्या, आणि त्यातली एक लावून कशी दिसते हे त्यांना दाखवायला जावयांनी तो काढला होता. त्यात मावशी खळखळून हसत होत्या आणि काचेच्या कोपऱ्यावर किमतीची चिठ्ठी होती. बाईंनी चिठ्ठी पुसली, मावशींना कापून भिंतीपाशी नेलं. आधी डोकं घागरीएवढं झालं. मग लिंबाएवढं. मग खांदा हाताला जुळेना. दोघांनी मिळून आळीपाळीने बोटं फिरवली. साडेपाचला मावशी एकदाच्या आपल्या हाताला चिकटल्या आणि नवा फोटो फ्रेममध्ये बसला.

सहाला सगळे जमले. सासूबाईंनी कागद सोडला आणि फ्रेम मांडीवर घेतली. जावयांनी मावशींना चष्मा दिला. मावशींनी चष्मा लावला, पुढे वाकल्या आणि बराच वेळ फोटो बघत राहिल्या.

"हा रविवारचा?"

"हो," बायको म्हणाली.

"मग कालचा चष्मा रविवारी माझ्या नाकावर कसा?"

मोठा मेहुणा पंख्याकडे बघू लागला. जावयांनी सगळं सांगून टाकलं. ब्रश, भिंत, हात, कचरापेटी. चष्मा सकाळीच तयार होता, हेसुद्धा सांगितलं. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

मावशींनी ग्रुपवरचा फोटो उघडून पाहिला. "म्हणजे मला पुसलंत."

"चुकून, मावशी. शपथ घेतो."

मावशींच्या ओठांचा कोपरा हलला. रडणार की ओरडणार ते कळेना. आणि त्या एकदम फस्सकन हसल्या. "हात तेवढा ठेवलात! ताई, बघ गं, माझा हात कसा चिकटून बसलाय तुला!"

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि हशा पिकला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या फ्रेममधल्या मावशींवरून बोट फिरवत होत्या.

"जावईबापू," त्या थंडपणे म्हणाल्या, "ही या फोटोत उरली नव्हती, तरी तुम्ही हिला इथं उभी केलीत?"

"हो… म्हणजे त्या होत्याच, पण…"

"नसलेलं माणूस घालता येतं म्हणजे."

सासूबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या. कपाटाचं दार वाजलं. जावयांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने नजर चुकवली. आता जुनं सगळं उकरलं जाणार, शिलाई मशीन बाहेर येणार, असंच दोघांना वाटलं.

सासूबाई बाहेर आल्या त्या चार जाडजूड अल्बम छातीशी धरून. त्यांनी ते जावयांच्या पुढ्यात ठेवले.

"ही सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "नातीचा जन्म आहे, घराचा रंग आहे, यांचं ऑपरेशन आहे. सगळ्यांत हिला घाला."

जावयांनी पहिला अल्बम उघडला. पानापानावर चार फोटो होते आणि पानं संपत नव्हती. मावशी त्यांच्या शेजारी येऊन बसल्या, नवा चष्मा नाकावर नीट केला, एकेक फोटो निरखू लागल्या. तिसऱ्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्यात मला जरा कोपऱ्यात उभी करा. आणि हसरी नको हं. तेव्हा मी रागावले होते."