साळुंखेकाकांची सपाट जागा

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ उतारात आहे, असं आमचे कामोठ्याचे शेजारी साळुंखेकाका मानतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. काका पाणसळ घेऊन आले. गवंडी भिंत तपासायला लावतात ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. सोसायटीच्या सभेत अध्यक्षांचं भाषण रंगात आलेलं असताना काकांनी ती टेबलावर ठेवली आणि जाहीर केलं, "साहेब, टेबल पूर्वेला उतरतंय. आधी ते बघा."

काकूंना मात्र उताराची खरीच धास्ती होती. दोन वर्षांपूर्वी कानाच्या दुखण्यानं त्यांचा तोल गेला, तो परत आलाच नाही. जमीन जराशी कलती असली, की ती त्यांच्या पायाखाली फिरायला लागे. त्यामुळे घराबाहेर पडणं बंद. माहेर दुष्काळी जतचं, समुद्रासमोर एकदा सकाळी उठायचंय, एवढंच त्या कधीतरी म्हणाल्या होत्या.

काकांनी जुनी व्हॅन घेतली. पावणे गावातल्या एका वर्कशॉपमध्ये तिच्यात पलंग, ओटा, कठडे बसवून घेतले. कारागीर वैतागून म्हणाला, "अंकल, गाडी है, बिल्डिंग नहीं!" काका म्हणाले, "बुडबुडा काय म्हणतो ते बघ."

अलिबागच्या पुढच्या एका कोळीवाड्यात आम्ही तिघं गेलो. गाडी मी चालवली, कारण काका बुडबुड्यावर लक्ष ठेवून होते. तासभर हिंडून त्यांनी गावातली एकमेव सपाट जागा शोधली. ती मासळी सुकवायची जागा निघाली.

"ओ बाबा, गारी हलवा!" डोक्यावर बोंबलांची पाटी घेतलेली कोळीण कडाडली. "म्हावरा कुठं सुकवू? तुमच्या टपाव?"

"बाई, दोनच दिवस. इथं बुडबुडा मधोमध येतोय."

"मंग त्यालाच सुकवा! खालती किनाऱ्याला जागा हाय."

खालती उतार होता. काकू दारातला कठडा दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. "अहो, परत जाऊ या. लोकांची कामं नका अडवू." काकांनी पाणसळ उचलून पिशवीत ठेवली.

कोळणीनं काकूंकडे पाहिलं आणि पाटी खाली ठेवली. "चक्कर येते काय वो ताई?" मग तिनं होड्यांच्या दिशेनं हाक मारली. चौघं आले. वाळूवर ओढलेली होडी कलू नये म्हणून तिच्याखाली सारायच्या फळ्या आणि पाचरी त्यांच्याकडे होत्याच. "होरी उभी करतो तशी करू," एकजण म्हणाला. खालती किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड करून, उताराकडच्या चाकांखाली फळ्या सारून त्यांनी गाडी उभी केली. काकांनी आत पाणसळ ठेवून पाहिली आणि बुडबुडा मधोमध आल्यावर त्या चौघांना चहा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू उठल्या आणि कठडा न धरता खिडकीपर्यंत गेल्या. चार पावलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "नुसतं पाणीच हलतंय."

काका म्हणाले, "टायरची हवा बघून येतो," आणि गाडीमागं गेले. पाऊण तास आले नाहीत.

नंतर मी तपासली. चारही टायरांत हवा बरोबर होती.