केदारजीराजे यांनी खाडी ओलांडण्यास फळी पसंत केली त्याची हकीकत

श्री. वारा देणारा तो, पाणी देणारा तो, आणि दोहोंच्या मध्ये माणसास उभे करून तोल ज्याचा त्याने पाहावा म्हणणाराही तोच. त्यास नमस्कार करून, शके सोळाशे ब्याण्णव, विकृतिनाम संवत्सरी, माघमासी खाडीकाठच्या एका राज्यात जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण कारभारी अंताजीपंत अद्याप हयात आहेत आणि त्यांस राग लवकर येतो.

राज्याचे धनी श्रीमंत केदारजीराजे, मनाने थोर आणि देहाने त्याहून थोर. महाराजांस स्वहस्ते काही करण्याची सवय नव्हती. पागोटे दुसऱ्याने बांधावे, सुपारी दुसऱ्याने कातरावी, आणि जांभई आली तर चुटकीही दुसऱ्यानेच वाजवावी, ऐसा शिरस्ता. एके दिवशी महाराज चाळीस वल्ह्यांच्या नावेत लोडास टेकून खाडी ओलांडून आले आणि उतरताना म्हणाले, "आज फार दमलो." ते राणीसाहेब गोजराबाई यांनी ऐकले आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड जाहला. त्या म्हणाल्या, "दमली ती चाळीस माणसे. बारा वर्षे संसार झाला, आपण माझ्यासाठी तांब्याभर पाणीसुद्धा कधी आपल्या हाताने आणले नाहीत. मी खाडीपलीकडे माहेरी जाते. एकटे, उभ्याने खाडी ओलांडून या आणि तसेच परत निघा, म्हणजे मी मागोमाग येईन. नाव आणलीत तर दार लावून घेईन." इतके बोलून त्या गेल्या, आणि मग महाराजांस करमेना. ताटात आंबेमोहोर भात निवून जाई, गवयास बोलावून पुन्हा घालवून देत, आणि दिवसातून अनेक वेळा सज्जात जाऊन पलीकडचा काठ पाहात. आम्ही मीठ खाल्ले आहे म्हणून सांगतो ऐसे नाही, पण त्यांचे तोंड पाहवत नव्हते.

तेव्हा दरबार भरला आणि मसलत सुरू जाहली की उभ्याने खाडी ओलांडावी ती कशावर. दर्यासारंग हंसाजी नाईक, ज्यांच्याकडे सगळे आरमार, ते म्हणाले की फळीवर डोलकाठी उभी करून शीड लावावे आणि दुपारच्या वाऱ्यावर जावे, त्यास विंडसर्फिंग म्हणतात. त्यावर अंताजीपंत म्हणाले, "आणि संध्याकाळी वारा पडला म्हणजे महाराजांनी खाडीत उभे राहून काय करावे, कीर्तन?" पंतांचे म्हणणे, साधी फळी घ्यावी आणि लांब वल्हे घेऊन उभ्याने मारीत जावे. त्यावर हंसाजी म्हणाले, "आणि दुपारी समोरून भरतीचा लोंढा येईल तेव्हा वल्ह्याने पाणी ढवळीत बसावे, ताक करावे तसे?" मग दरबारात शीडवाले आणि वल्हेवाले ऐसे दोन तट पडले, आणि एका तटाची माणसे दुसऱ्या तटाच्या हातचे पानही घेईनात. अखेर पंतांनी तोड काढली की दोन फळ्या घ्याव्या आणि महाराजांनी एकेका फळीवर एकेक पाय ठेवावा. महाराज तेथून उठून गेले.

इतक्यात बंदरात एक मस्कती सौदागर आला, त्याच्यापाशी नाना तऱ्हेच्या फळ्या, आणि तो म्हणाला की शीड आणि वल्हे दोन्ही चालेल ऐसी एकच फळी मिळते, नवशिक्याने तीच घ्यावी, फक्त स्वारीचे वजन सांगावे, कारण फळीच्या पोटात किती हवा हवी ते वजनावर ठरते. महाराजांचे वजन राज्याभिषेकाच्या तुलेत जाहले होते ते सव्वा मण, तेव्हा महाराज चौदा वर्षांचे होते, आणि पुढे कोणाची छाती जाहली नाही म्हणून दरबारी वजन तेच चालत आले होते. पंतांनी खणखणीत आवाजात सांगितले, "सव्वा मण." सौदागराने एकदा महाराजांकडे पाहिले, एकदा पंतांच्या कमरेच्या कट्यारीकडे पाहिले, आणि सव्वा मणाची फळी काढून दिली. फळी देखणी, अरुंद, टोकदार, सोनेरी वेलबुट्टीची. दरबाराने वाहवा केली आणि दुसरे दिवशी सनई वाजवीत ती पाण्यात सोडली, आणि महाराजांनी तिजवर पाऊल ठेविले, आणि फळी महाराजांसह शांतपणे पाण्याखाली गेली. सनईवाल्यास थांबावे की वाजवावे हे कळेना, म्हणून तो वाजवीत राहिला. महाराज छातीइतक्या पाण्यात उभे, पायांखाली फळी, आणि पंत काठावरून म्हणाले, "फळीच कच्ची निघाली, सरकार."

महाराज ओलेच वर आले आणि थेट भाताच्या कोठारात गेले आणि धान्य तोलायच्या तराजूच्या पारड्यात जाऊन बसले. म्हणाले, "वजन घाला." कोणी पुढे होईना. पंत म्हणाले, काटा मोडला आहे. हंसाजी म्हणाले, मणाचे दगड धुवायला गेले आहेत. मग महाराज उठले, आणि दुसऱ्या पारड्यात स्वतः दगड टाकले, आणि पुन्हा येऊन बसले, आणि कमी पडले म्हणून पुन्हा उठून टाकले, ऐसे करता करता पावणेतीन मणांस काटा सरळ जाहला. महाराजांनी सौदागरास बोलावून तो आकडा आपल्या तोंडाने सांगितला आणि म्हणाले, "आता खरी फळी दाखीव." त्याने दाखविली ती सात हात लांब, दोन हात रुंद, जाड, रंग राखी, वर पाय घसरू नये म्हणून मऊ थर, मध्यभागी डोलकाठी रोवण्याची खोबण, आणि पोटाखाली एक पाते, शिडाने जाताना खाली सोडावे म्हणजे फळी आडवी वाहात नाही, वल्हे मारताना वर ओढून घ्यावे. हवा म्हणे अडीचशे लिटर. लिटर म्हणजे काय ते पंतांस समजल्यासारखे दिसले. दरबारात कुजबुज जाहली की ही फळी नव्हे, म्हैस आहे, राजाने हिजवर बसणे म्हणजे हसू होईल. महाराज म्हणाले, "हसू मघाच झाले. ही घ्या." आमच्या मते त्या राज्यात त्या सालात जाहलेला शहाणपणाचा हुकूम हा एवढाच.

परंतु सौदागराने निघताना एक सांगितले, की नवशिक्याने आधी फळीवर गुडघे टेकावे, तोल आला म्हणजे एकेक पाय घेऊन उभे राहावे. येथे पुन्हा घोडे अडले. या गादीचा धनी कोणापुढे गुडघा टेकीत नाही, बादशहापुढेही टेकिला नाही, ही सात पिढ्यांची अब्रू. म्हणून महाराज एकदम उभे राहात आणि पडत, पुन्हा उभे राहात आणि पुन्हा पडत, आणि ऐसे कित्येक दिवस गेले, आणि खाडीतले मासे दुसरीकडे राहावयास गेले ऐसे कोळी म्हणू लागले. एके दुपारी महाराज नाकातोंडातले पाणी काढीत काठावर बसले आणि पलीकडे पाहू लागले. मग पंतांस म्हणाले, "पंत, अब्रू धरून आम्ही इकडे, आणि त्या तिकडे. मला ती नको, मला राणीसाहेब हव्यात." आणि उठले. पंतांनी घाईने हुकूम सोडला की सर्वांनी पाण्याकडे पाठ करावी, म्हणजे धन्याने गुडघा टेकल्याचे कोणी पाहिले ऐसे होणार नाही. सगळ्या दरबाराने पाठ केली. आम्ही केली नाही. मग हे लिहिले कोणी असते?

महाराजांनी गुडघे टेकले, वल्ह्याने चार हात मारून उथळ पाणी सोडले, मग एक पाय घेतला, मग दुसरा, आणि उभे राहिले. फळी हलली पण बुडाली नाही. मग वल्हे फळीवर दोरीने बांधून, डोलकाठीसह पाण्यात आडवे पडलेले शीड दोरीने ओढून उभे केले, आणि शिडात वारा भरला, आणि स्वारी निघाली. दरबाराने वळून पाहिले तो महाराज बरेच दूर. पंतांच्या डोळ्यांत पाणी आले, ते म्हणाले वाळू गेली. खाडीच्या मध्यावर वारा पडला, तेव्हा महाराजांनी शीड उतरवून गुंडाळून फळीवर आडवे ठेविले, पाते वर ओढले, पुन्हा गुडघे टेकले, आणि पुन्हा उठून वल्हे मारू लागले.

पुढील मजकूर राणीसाहेबांनी स्वमुखे सांगितला. महाराज पलीकडे पोचले तेव्हा त्या घाटावर उभ्या होत्या. म्हणाल्या, "गुडघे सोलवटलेत."

महाराज म्हणाले, "टेकले होते."

"सगळ्यांसमोर?"

"त्यांनी पाठ केली होती. पण आम्ही तसेही टेकले असते."

राणीसाहेबांनी आत जाऊन तांब्याभर पाणी आणून दिले, महाराज ते प्याले, आणि शीड तिथेच ठेवून बोलल्याप्रमाणे परत निघाले. मागोमाग येण्यास माहेरची नाव तयार होती, नावाडी वल्हे धरून बसला होता. राणीसाहेबांनी त्यास घरी जा म्हणून सांगितले, ओचा खोचला, आणि म्हणाल्या, "मागे सरका. मी पुढे बसते." महाराज सरकले, आणि त्या रुंद फळीवर दोघे मावले.

अर्ध्या वाटेवर महाराजांस धाप लागली. राणीसाहेबांनी मागे वळून हात पुढे केला आणि म्हणाल्या, "आणा ते वल्हे, थोडे मी मारते." महाराजांच्या हातातले काम आजवर लोक न विचारता काढून घेत आले, मागून घेणारे पहिल्यानेच भेटले. महाराज वल्हे घट्ट धरून म्हणाले, "जरा वेळाने देतो."

येणेप्रमाणे फळीचे वर्तमान. फळी रुंद निघाली, राणीसाहेब घरी आल्या, आणि दरबारी वजन त्या सालापासून पावणेतीन मण लिहिले जाऊ लागले. लेखनाची सीमा.