तगर खारीचा न जमणारा चहा

ऐका हं बाळांनो. एका जंगलात तगर नावाची खार राहायची, आणि तिची झोप उडाली होती. कशानं? वाघानं नव्हे. हिरव्या चहानं.

दुसऱ्या दिवशी सांबरीणबाई घरी येणार होत्या. त्यांच्या बालवाडीत मिरीला, म्हणजे तगरच्या लेकीला, जागा हवी होती. बाई आधी आईच्या हातचा हिरवा चहा पीत, मग पिल्लू बघत. दुधाच्या चहाच्या घरात पिल्लांची शेपटं झुपकेदार होत नाहीत, असं त्यांचं मत. तगरनं रात्रीत मिरीचं शेपूट तीनदा चाचपलं.

तगर शिकलेली होती. पुडीवरच्या सूचना तिला पाठ होत्या. पाणी उकळून निवू द्या, मग पानं घाला, दोन मिनिटं झाका. पण तिच्या आईनं, आजीनं चहा रटारटाच उकळलेला. निवलेल्या पाण्याचा चहा पाहुण्याला द्यायचा? हात ऐकेनात. सकाळपासून तीन किटल्या झाल्या. तिन्ही कडुनिंबाचा काढा.

"आई, कोण आजारी आहे?" मिरीनं विचारलं.

"गप गं राणी!"

चौथं पाणी उकळलं आणि बाई दारात.

"या ना बाई. चहा टाकतेच."

"होईल हो चहा. आधी सांगा, आजकालच्या आया पिल्लांशी बोलतात का?"

उत्तर बाईंनीच दिलं. मग आयांच्या चुका सांगितल्या. मग स्वतःच्या पाडसांची हुशारी. तगर 'हो ना', 'खरंय' म्हणत राहिली. मध्येच उठायचं कसं? तिकडे पाणी निवत चाललेलं. गेली जागा!

बाई श्वास घ्यायला थांबल्या, तशी तिनं तेच पाणी घाईघाईनं पानांवर ओतलं नि झाकण ठेवलं.

पानं हळूच उलगडली. कपात कोवळ्या उन्हाचा रंग उतरला. बाईंनी घोट घेऊन डोळे मिटले. तगरनंही भीतभीत घेतला. अगं बाई! ताज्या मटारासारखा गोडसर. तिला चक्क आवडला.

"असा चहा अख्ख्या जंगलात नाही हो! कसा केलात?"

"रोजचंच आहे आमचं," तगर म्हणाली. तिचे कान तापले.

बाई मिरीकडे वळल्या. "काय गं, रोज असाच करते आई?"

तगरनं मिरीला डोळ्यांनी खुणावलं.

"नाही," मिरी म्हणाली. "पण तुम्ही रोज येऊन बोलत बसलात ना, तर होईल."

तात्पर्य : चहाचं पाणी निववायचं असेल, तर पिल्लं कशी वाढवावीत हे जाणत्यांना खुशाल विचारावं. आणि लेकरू खरं बोललं तरी घाबरू नये. जाणत्यांना ती स्तुतीच वाटते. मिरीला जागा मिळाली.