एकतीसचा आकडा

अत्तारभाऊंना कुठलीही गोष्ट नुसती चांगली किंवा वाईट म्हणताच येत नाही. अवसरीला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात यजमानांनी हात जोडून विचारलं, "जेवण कसं झालं?" भाऊंनी जिलबीचा शेवटचा तुकडा संपवला, विचार केला आणि म्हणाले, "शंभर लग्नं घेतली, तर सत्तर याच्या मागं राहतील." यजमान पुढच्या पंगतीकडे वळले ते वळलेच.

आमचं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज कळंबच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून. मी तिथं गणित शिकवतो आणि गनीभाऊ अत्तार प्रवेश विभाग सांभाळतात. भाऊ राहायला जुन्नरला. सीईटीचा निकाल लागला की त्यांच्या टेबलापुढं पालक बसतात आणि दर दुसरा म्हणतो, "पोरीला ऐंशी टक्के पडले."

"टक्के न्हाई, पर्सेंटाईल." भाऊ पेन खाली ठेवतात. "चतुर्थीला ओझरच्या गणपतीची रांग बघता ना? शंभर माणसं उभी केली, तर ऐंशी तुमच्या पोरीच्या मागं. पेपरात मार्क किती, ते रांगेला नाय म्हाईत."

पालकाला पटल्याशिवाय ते पुढचा अर्ज हातात घेत नाहीत. बाहेर माणसं घड्याळं बघत राहतात.

गेल्या वर्षी प्रवेशाचं माहितीपुस्तक छापायला जायचं होतं. त्यात एक तक्ता असतो. कुठल्या शाखेत आदल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाईलवर झाला, त्याचा. कॉम्प्युटर शाखेपुढं अठ्ठ्याहत्तर लिहा, असं नव्या संचालकांनी सांगितलं. सरकारी फेऱ्यांतला शेवटचा प्रवेश अठ्ठ्याहत्तरचाच होता, हे खरं. पण साठातल्या रिकाम्या राहिलेल्या अठरा जागा नंतर कॉलेजनं स्वतः भरल्या होत्या आणि त्यातला शेवटचा होता एकतीसचा. भाऊंनी तक्त्यात एकतीस लिहिलं.

तक्ता तीनदा परत आला. तिन्ही वेळा भाऊंनी तोच आकडा लिहून पाठवला. चौथ्या वेळी शिपाई निरोप घेऊन आला, की भाऊंची बदली भांडार विभागात करायचा विचार चालू आहे.

तक्त्यावर प्रवेश समितीचा सदस्य म्हणून माझी सही लागायची. भाऊ माझ्याकडे आले. "सर, तुमी गणिताचे. वर्गात साठ पोरं बसत्यात. अठ्ठ्याहत्तर लिवलं तर त्यातली अठरा गेली कुठं?"

मी "बघू" म्हणालो. माझी नोकरी दरवर्षी नव्यानं करार होणारी. मला बघायचं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी संचालकांनी दोघांना बोलावलं. छापखान्याचा माणूस बाहेर बसला होता. संचालक आवाज न चढवता म्हणाले, "अत्तार, हा एकतीसवाला विद्यार्थी कोण, ते मी काल काढलं. तुमची मुलगी आहे. आता सांगा, छापायचं?"

मला हे ठाऊक नव्हतं. नसरीन अत्तार माझ्याच वर्गात होती, पण जुन्नरला अत्तारांची घरं काय एक आहेत? मी टेबलाच्या काचेकडे बघत राहिलो.

भाऊंनी चष्मा काढला, परत घातला. "सायेब, तिच्या मागं बी एकतीस हायेत. आन तिच्या पुढं, अठ्ठ्याहत्तरच्या आत, सत्तेचाळीस. अठ्ठ्याहत्तर वाचून त्यांचे आईबाप आपल्या दारात बी येणार न्हाईत. जागा तर यंदा बी रिकाम्या राहणार." मग खालच्या आवाजात म्हणाले, "अर्धा तास द्या. तिला इचारून येतो."

"मी पण जातो," असं माझ्या तोंडून गेलं.

नसरीन लायब्ररीत होती. भाऊंनी तिला व्हरांड्यात बोलावलं. परक्या माणसांपुढं दिवसभर आकडे बोलणारा हा माणूस पोरीपुढं गप्प उभा राहिला. निकाल लागल्यापासून घरात तो आकडा त्यांनी एकदाही उच्चारला नव्हता, हे मला नंतर कळलं. शेवटी मीच सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "अब्बा, सगळ्या वर्गाला म्हाईत हाय. मीच सांगितलंय. फक्त तुमच्यापुढं कुणी बोलत नाय."

"का?"

"तुमाला लागंल म्हणून."

भाऊंनी मान खाली घातली. "छापू का मग?"

"छापा. पण इचारलं, बरं केलं."

परत गेल्यावर मी आधी सही केली आणि मग बसलो, नाहीतर हिंमत गेली असती. समितीची सही झालेला आकडा खोडणं संचालकांना अवघड होतं आणि छापखान्याचा माणूस बाहेर थांबला होता. शेवटी दोन्ही आकडे गेले, अठ्ठ्याहत्तर मोठ्या अक्षरात आणि एकतीस खाली बारीक. महिन्याभरात भाऊ भांडारात गेले. माझा करार कसाबसा वाढला. जूनमध्ये पालक पर्सेंटाईल भाऊंकडूनच समजून घ्यायला भांडाराचा पत्ता विचारत यायला लागले, तेव्हा संचालकांनी भाऊंना मुकाट्यानं प्रवेश विभागात आणलं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी नारायणगावला जायला जुन्नरच्या एसटीत चढलो. कंडक्टर तिकीट फाडताना हसून म्हणाला, "वर्षभर बघतोय राव, पोरगी पुढं बसणार, बाप पार मागच्या बाकावर. क्लार्कची पोरगी म्हणून कुणी तिला बोलू नये, म्हणून. आज काय झालंय कुणास ठाऊक."

मी पुढं बघितलं. दोघं एकाच बाकावर बसले होते. नसरीन खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि भाऊंनी तिचं दप्तर मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी धरलं होतं.