प्लग काढणार कोण?

धाकटीनं बॅटरीवरची गाडी घ्यावी की नाही, या विषयावर थोरलीच्या घरी इतका खल झाला होता की खुद्द धाकटीला विचारायचं सगळ्यांच्या लक्षातूनच गेलं होतं.

धाकटी कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून मापाचे साचे तिच्या वर्कशॉपात यायचे आणि दात होऊन परत जायचे. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही पाय गेले होते. त्यामुळे वर्कशॉपात ती चाकाच्या खुर्चीवर असायची आणि रस्त्यावर आपल्या जुन्या पेट्रोलच्या गाडीत. त्या गाडीत स्टिअरिंगशेजारी हाताचा एक दांडा बसवलेला होता. ओढला की गाडी पळायची, ढकलला की थांबायची. त्या दांड्याच्या जोरावर तिनं वर्षानुवर्षं गावभर दात पोचवले होते आणि ‘जरा सोडता का’ म्हणून कुणापुढे तोंड वेंगाडलं नव्हतं. पण आता गाडीनं मान टाकली होती. गॅरेजवाला नुसतं बॉनेट उघडून सुस्कारा टाकायचा आणि बंद करायचा.

थोरलीचे यजमान, म्हणजे भाऊजी, यांनी बॅटरीवरची गाडी घेतल्यापासून त्यांना जगात दुसरा विषय उरला नव्हता. क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही, ही तर तुझ्यासाठीच बनवलीय, असं ते धाकटीला ऊठसूट ऐकवायचे. धाकटीचा एकच प्रश्न होता. पेट्रोलपंपावर ती काच खाली करायची, पंपावरचा माणूस पेट्रोल भरायचा, ती पैसे देऊन निघायची. चार्जिंगला कोण येणार?

“त्यात काय, उतरायचं आणि प्लग लावायचा,” असं भाऊजी बोलून गेले, मग त्यांचं लक्ष तिच्या खुर्चीकडे गेलं आणि ते एकदम पाणी प्यायला उठले.

थोरलीचं मत पडलं की पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी घ्यावी, म्हणजे एकानं दगा दिला तर दुसरं आहे. हे आपलं तोंडदेखलं. तिच्या मनातून बहिणीनं गाडीच चालवू नये असं होतं. धाकटी रस्त्यावर असली की थोरलीच्या घशाखाली घास उतरायचा नाही. शेवटी एकदा तिनं स्पष्टच सांगितलं, “कुठलीही घे. पण एकदा जरी फोन करून ‘मला न्यायला या’ म्हणालीस, तर गाडी बंद. मग हे तुला सोडतील नि आणतील.” धाकटीच्या तोंडून रागात ‘बरं’ निघालं. थोरलीनं ते ‘बरं’ पक्कं गाठीला बांधलं.

शोरूमवाल्यांनी दांडा बसवलेली बॅटरीवरची एक गाडी धाकटीला शनिवार-रविवार वापरून बघायला दिली. दोन्ही दारांवर शोरूमचं नाव हातभर अक्षरांत. शनिवारी सकाळी कवळीचा डबा घेऊन ती निघाली. खुर्ची घडी घालून शेजारच्या सीटवर ठेवली होती. खोटं कशाला बोला, गाडी तिला आवडली. दांडा लोण्यासारखा चालत होता. एकच गोष्ट, शोरूमवाल्यांनी गाडी पोटभर चार्ज करून दिली नव्हती. डॉक्टरांचा दवाखाना अजून लांब होता आणि पडद्यावरची बॅटरी लाल झाली.

दुकानांच्या मागच्या आवारात चार्जिंगची जागा होती. गाड्या लावायला तीन कप्पे होते. एक बंद होता, दुसऱ्यात कुणीतरी गाडी लावून गायब झालं होतं. तिसऱ्याच्या एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला खांब. धाकटीनं गाडी आत घातली आणि दार उघडून पाहिलं. दारातून हात बाहेर निघत होता, बाकीची धाकटी निघत नव्हती. तेवढ्यात पिशवी घेऊन एक गृहस्थ चालले होते. तिनं विनंती केली, त्यांनी गाडीच्या नाकाडात प्लग खुपसला आणि ते चालू लागले. लावायला माणूस मिळाला तसा काढायलाही मिळेल, असा तिनं अंदाज बांधला. तिथंच ती फसली.

बॅटरी पुरेशी भरली आणि डॉक्टरांचा फोन आला. एक निवृत्त मुख्याध्यापक कवळीसाठी येऊन बसले होते. दुपारी त्यांचा सत्कार होता आणि सत्काराला उत्तर म्हणून भाषणही होतं. मागून मुख्याध्यापक स्वतः काहीतरी म्हणाले, पण दातांअभावी त्याची नुसतीच हवा झाली. धाकटी म्हणाली, आलेच. आणि मग तिच्या लक्षात आलं की प्लग असेपर्यंत गाडी जागची हलत नाही.

पहिल्यांदा एक बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले. तुमच्यासारख्यांकडे पाहिलं की आम्हाला बळ येतं, असं म्हणून त्यांनी खिडकीतून हात घालून धाकटीच्या डोक्यावर ठेवला आणि ते आलेलं बळ घेऊन निघून गेल्या. मग कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले एक साहेब आले. त्यांनी नुकतेच हात धुतले होते आणि विजेचं काम ओल्या हातानं करू नये हे त्यांना शाळेत शिकवलं होतं. हात वाळेपर्यंत ते थांबले. हात वाळले तेव्हा त्यांना कुणीतरी बोलावलं.

आवाराचा वॉचमन मात्र खरोखर कळवळला. चार्जिंगच्या सामानाला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. “पण बाई, ताटकळत किती वेळ राहणार? बसायला खुर्ची आणू का?”

“खुर्ची आहे माझ्याकडे,” धाकटी म्हणाली.

खांबावर मदतीचा नंबर लिहिलेला होता. तिकडच्या मुलीचा आवाज फार गोड होता. गाडीतून उतरून प्लग काढावा, असं तिनं सांगितलं. धाकटी म्हणाली, खांबामुळे उतरता येत नाही. मग गाडी थोडी मागे घ्यावी आणि उतरावं. प्लग काढल्याशिवाय गाडी मागे जात नाही. “हो मॅडम, ते तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे,” मुलगी म्हणाली आणि तक्रार सुटली का, असं विचारू लागली.

एव्हाना चार माणसं जमली होती. माणसं जमली की मत पडतं. एक जण म्हणाला, अशा लोकांनी बॅटरीच्या भानगडीत पडूच नये, पेट्रोल बरं. दुसरा म्हणाला, छे, दोन्हीवर चालणारी घ्यावी. तिसऱ्याच्या मते सरकारनं काहीतरी करायला हवं होतं. चौथा म्हणाला, ड्रायव्हर ठेवावा, परवडत नसेल तर घरच्यांनी सोडावं. थोरलीच्या घरातला वाद इथं जसाच्या तसा चालू झाला होता आणि इथंही धाकटीला कुणी विचारत नव्हतं. प्लग त्या चौघांच्या गुडघ्याशी होता. वाद तापला, मग चौघं चहाला गेले.

धाकटीनं फोन हातात घेतला. पडद्यावर ‘ताई’ अशी अक्षरं होती, नुसतं बोट टेकवायचं बाकी होतं. ती रडायच्या बेतात होती. एक फोन, की उद्यापासून दाताच्या एकेका डब्यासाठी भाऊजींचं अंघोळ-जेवण उरकायची वाट बघत बसायचं. भाऊजी माणूस वाईट नव्हते, हसत आले असते. तेच तिला नको होतं. तिनं फोन पालथा ठेवला.

तेवढ्यात एक गाडी सरपटत आवारात आली. काचा खाली, एसी बंद, आतला माणूस स्टिअरिंगवर ओणवा, आपण पुढे वाकलो तर गाडीला तेवढाच हातभार अशा थाटात. गाडी धाकटीच्या मागे येऊन कशीबशी थांबली. घामानं निथळलेला माणूस उतरून खिडकीशी आला.

“माफ करा, तुमचं चार्जिंग झालं असेल तर जरा...” एवढं बोलून भाऊजी थांबले.

समोरचं माणूस आपल्याला पकडायलाच आलंय, असं दोघांनाही एकाच वेळी वाटलं.

“ताईनं पाठवलं का तुम्हाला?”

“तिनं तुला फोन केला?”

कुणीच कुणाला पाठवलं नव्हतं. भाऊजींनी इकडंतिकडं पाहून हळूच सांगितलं. जुना मित्र भेटला, त्याला गाडी दाखवायला हायवेला नेलं, एसी लावला, अजून एक चक्कर, अजून एक चक्कर, आणि परत येताना गाडीनं डोळे पांढरे केले. या गाडीनं माणूस कुठं अडकत नाही, हे त्यांनी बायकोला इतक्यांदा सांगितलं होतं की आता घरी काय तोंड दाखवावं हा प्रश्न होता.

“आधी तो प्लग काढा,” धाकटी म्हणाली.

भाऊजींनी बटण दाबलं आणि प्लग ओढला. अर्धं गाव ज्या कामासाठी हळहळून गेलं होतं ते काम खटकन झालं. त्यांना स्वतःच्या गाडीची घाई होती, मदतबिदत त्यांच्या डोक्यातही नव्हती, म्हणूनच बहुधा ते झालं असावं.

भाऊजींनी आपली गाडी ढकलत बाजूला केली. धाकटीनं आपली मागे घेतली आणि भाऊजींनी त्या कप्प्यात शिरून प्लग लावला. पण त्यांची बॅटरी पार तळाला गेली होती, भरायला वेळ लागणार होता. घरी थोरली जेवायची थांबली होती. भाऊजींनी घाम पुसला, घसा साफ केला.

“जरा सोडतेस का मला?”

हा प्रश्न आजवर धाकटीला कुणी विचारला नव्हता. तिनं मागच्या दाराचं लॉक उघडलं. मग म्हणाली, “बसा मागे.”

पुढच्या सीटवर खुर्ची असल्यामुळे भाऊजी मागे बसले, कवळीचा डबा मांडीवर सांभाळत. दवाखान्याच्या दारात मुख्याध्यापक रस्त्यावरच येऊन उभे होते. डबा हातात पडताच त्यांनी धाकटीला दोन्ही हात जोडले. तिथून घरापर्यंत दोघांचं ठरलं. तुम्ही माझं सांगायचं नाही, मी तुमचं सांगायचं नाही.

लिफ्टनं वर येऊन घरात शिरले तर थोरली समोरच. तिनं दोघांना एकत्र पाहिलं आणि मटकन सोफ्यावर बसली.

“शेवटी जावंच लागलं ना तुम्हाला हिला आणायला?” ती भाऊजींना म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागला. “मला माहीत होतं. धाकटे, किल्ली दे.”

धाकटीनं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी पंख्याकडे पाहत होते. तिला खरं सांगता आलं असतं, पण शब्द दिला होता. तिनं किल्ली टेबलावर ठेवली. मग खुर्ची दाराकडे वळवली.

ते काही भाऊजींना बघवलं नाही. “अगं, मी नाही आणलं हिला,” ते म्हणाले. “हिनं मला आणलं.”

“पुरे. किती पाठीशी घालाल तिला.”

“खरंच सांगतोय. माझी बॅटरी संपली. भर रस्त्यात.”

“तुमची? तुमची कशी संपेल? तुम्हीच तर सांगता.” थोरली चक्क हसली. नवरा आपल्या बहिणीसाठी एवढं खोटं बोलतोय याचं तिला कौतुकच वाटलं असावं. भाऊजींनी आजवर गाडीबद्दल काहीही सांगावं आणि तिनं मान डोलवावी, अशी रीत होती. आज पहिल्यांदा ते खरं बोलत होते तर विश्वास बसत नव्हता. शेवटी ते हताश होऊन म्हणाले, “खिडकीतून बघ. माझी गाडी दिसते का?”

थोरली उठली. खाली हातभर अक्षरांची एकच गाडी उभी होती. ती बराच वेळ खिडकीशी थांबली. मग येऊन टेबलावरची किल्ली उचलली आणि धाकटीच्या मांडीवर ठेवली.

“चल. यांची गाडी आणायला हवी. मीही येते, यांचं काही खरं नाही.”

इतक्या वर्षांत थोरली धाकटीच्या गाडीत एकदाही बसली नव्हती. लग्न असो, दवाखाना असो, ती बसनं जायची आणि मला गाडी लागते म्हणायची. भाऊजींच्या गाडीत तिला काही लागायचं नाही. आज ती मागे, भाऊजींना खेटून बसली. पहिल्या वळणाला तिनं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या वळणाला एक उघडला. पुलावर आल्यावर ती बाहेरच्या दुकानातल्या पडद्यांचे रंग बघू लागली. धाकटी आरशातून हे सगळं बघत होती आणि रोजच्यापेक्षा सावकाश चालवत होती.

आवारात शिरताच वॉचमन धावत आला. “सुटलात ना बाई मघाशी? मला फार वाईट वाटत होतं.”

“मघाशी?” थोरली म्हणाली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं खांब, प्लग, डोक्यावरचा हात, गोड आवाजाची मुलगी, सगळं सांगून टाकलं. थोरली ऐकत राहिली. मग तिनं काच खाली केली.

“ती इतका वेळ इथं अडकून होती, आणि तुम्ही सगळे बघत उभे होतात?” तिचा आवाज असा चढला की वॉचमन टोपी काढून उभा राहिला. भाऊजींचा यात काही दोष नव्हता, तरी तेही गाडीतून उतरून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. तिचा राग ओसरेपर्यंत कुणी हललं नाही. मग ती धाकटीकडे वळली.

“मला फोन का नाही केलास?”

का नाही केला ते थोरलीला बोलून झाल्यावर आपोआप कळलं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि धुळीचं काहीतरी पुटपुटली.

भाऊजींनी प्लग काढला, गाडी बाहेर घेतली आणि आपल्या शेजारचं दार आतून उघडून धरलं. “चल, बस.”

थोरली बसल्या जागेवरून हलली नाही. “तुम्ही व्हा पुढे, आम्ही मागून आहोत,” ती म्हणाली. भाऊजी निघाले. त्यांच्या मागून धाकटीनं दांडा ओढला.

“मग काय ठरवलंस?” थोरलीनं विचारलं. “बॅटरीची, पेट्रोलची, का दोन्हीची?”

“अजून काही ठरलं नाही.”

“कुठलीही घे,” थोरली म्हणाली. “पण मागे ऐसपैस असलेली बघ. माझे गुडघे अवघडतात इथं.”