तात्यांचा ओत

वडील गेले आणि भावकीनं आम्हाला घराबाहेर काढलं. आई, धाकटी बहीण आणि मी, एक ट्रंक घेऊन चावडीपुढं बसून होतो. तात्या हवालदार आले, ट्रंक डोक्यावर घेतली आणि म्हणाले, "चला."

ना नात्याचे, ना गोत्याचे. पहिल्या जर्मन लढाईत फ्रान्सला जाऊन आलेला एकटा गडी. त्यांनी घर आम्हाला दिलं, आपली वाकळ गोठ्यात टाकली आणि त्या दिवसापासून स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर थांबून विचारू लागले, "आत येऊ का?"

पहिल्याच जेवणाला त्यांनी आईकडं बोट केलं. "ओत." आईनं आमटी ओतली. त्यांनी मान हलवून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "ओत." आईनं आणखी ओतली. भाकरी पोहायला लागली तेव्हा कुठं उलगडा झाला. फ्रान्समध्ये ते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी उतरले होते. तो म्हातारा स्वतःला 'ओत' म्हणायचा आणि यांनाही 'ओत'च.

पारावर त्यांचे सोबती छेडायचे.

"तात्या, घर कुनाचं रं?"

"ओताचं."

"मग तू कोन?"

"मीबी ओत."

"फ्रान्सला डोस्कं ठिवून आला गड्या!"

पुढं मी सांगलीला कॉलेजात गेलो. तिथं फ्रेंच जाणणारे एक प्राध्यापक होते. त्यांनी सांगितलं, ओत म्हणजे पाहुणा आणि ओत म्हणजेच यजमान. शब्द लॅटिनमधला, अगदी मुळाशी गेलं तर अर्थ निघतो, परका. आपलं इस्पितळही त्याच मुळाचं.

सुट्टीत मी हे तात्यांना ऐकवलं.

"म्हंजी मिरजंचं इस्पितळबी आपल्या भावकीतलं!" ते म्हणाले.

चुलीपुढून आई म्हणाली, "त्यात काय नवल? सोयऱ्याकडं गेलं तर त्येबी पावणं, आपुनबी पावणं."

तात्या म्हणाले, "पर त्यात परका कुठनं आला?"



मी बी. ए. झालो, सांगलीतच मास्तर म्हणून लागलो आणि आईला आणि बहिणीला न्यायला गाडी घेऊन आलो. तात्यांनी बैलांना पाणी पाजलं, सामान चढवलं, बांधलेल्या दोऱ्या पुन्हा सोडून बांधल्या.

"तात्या, तुमचं गठुळं?" आईनं विचारलं.

"मी कशाला? माझं घर हाय की हितं."

त्या घराला त्यांनी 'माझं' म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं. बोलताना ते बैलाकडं बघत होते.

"आवं, पोरगं कमवाय लागलंय. आता बसून खावा."

"लोक काय म्हनतील?"

"लोकांनी कवा घरात घेतलं हुतं आमाला?"

तात्या गाडीत बसले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो, आणि तात्या शेवटपर्यंत सांगलीला आमच्या घरी राहिले.