गुणाजीकाकांचं गाऱ्हाणं

गुणाजीकाका स्कूटरला किक मारण्याआधी गाऱ्हाणं घालतात. हात जोडून, डोळे मिटून, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात. "बा देवा महाराजा, ही बया काल रुसली होती, आज तिला बरी बुद्धी दे रे महाराजा." मग आसपास जो असेल त्याने "व्हय महाराजा" म्हणायचं. त्याशिवाय किक नाही.

मिरजोळ्याच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस माझा शेजारी. आमच्यात एकच भिंत. सिलिंडर बदलताना गाऱ्हाणं, एसटीत जागा मिळावी म्हणून गाऱ्हाणं. एकदा गच्चीवरच्या टाकीचा नळ कुणीतरी उघडा ठेवला, तेव्हा काका जिन्यातच उभे राहिले. "ज्यानं कोणी पाणी घालवलान, त्याला सुबुद्धी दे रे महाराजा." सगळे म्हणाले, "व्हय महाराजा." मी नुसते ओठ हलवले. नळ माझ्याच हातून राहिला होता.

परवाच्या रविवारी काकांनी आम्हा बिल्डिंगवाल्यांना त्यांच्या गावामागच्या डोंगरावर, तळ्याला नेलं. रानात शिरण्याआधी गाऱ्हाणं झालंच. "जोशी सायबांचं पोट त्यांच्याबरोबरच वर पोचू दे, मागं राहू देऊ नको रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळ्यांत मोठ्याने जोशीच म्हणाले.

ऐन-किंजळीच्या झाडांच्या सावलीतून वाट. दर वळणावर काका म्हणायचे, "हे काय, आलंच." तळं काही येत नव्हतं. आलं तेव्हा सगळे पाण्यात पाय सोडून भाकऱ्या उघडून बसले.

काका मात्र नारळ घेऊन पलीकडच्या दगडापाशी एकटेच गेले. मी मागोमाग गेलो, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. काकू गेल्यापासून रोज सकाळी भिंतीपलीकडून गाऱ्हाणं ऐकू येतं. मग थोडी शांतता. मग "व्हय महाराजा", तेही काकांच्याच आवाजात. इतके महिने मी ते ऐकतो आणि रेडिओ मोठा करतो.

"बा देवा महाराजा," काका म्हणाले, "हिला हे तळं बघायचं होतं. गुडघ्यांपायी राहिलं. तिच्या नावाचा नारळ मानून घे रे महाराजा."

ते थांबले. मग स्वतःच उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं.

"व्हय महाराजा," मी म्हणालो. जरा जास्तच मोठ्याने निघालं.

काकांनी वळून पाहिलं नाही. हात तसेच जोडलेले.

"आणि टाकीचा नळ उघडा ठेवणाऱ्याला आता माफ कर रे महाराजा."

"व्हय महाराजा," मी म्हणालो.